हिशेब देणारे पुढारी: गिरणगावचा धडा

मुंबईच्या कामगार चळवळीचा इतिहास सांगताना आपण बहुधा वक्त्यांची आणि मैदानांची नावे घेतो. लोखंडे, जोशी, डांगे, सामंत अशी ती परंपरा ठरून गेली आहे. पण ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली, तेव्हापासून १९८२ च्या संपापर्यंतच्या सव्वाशे वर्षांत लालबाग, परळ, वरळी, भायखळ्याच्या चाळींतून जी माणसे दहा जणांच्या पुढे उभी राहिली, त्यांतली बहुतेक कधी व्यासपीठावर चढलीच नाहीत. कुणी गावकीच्या खोलीचे भाडे गोळा करी, कुणी भजनी मंडळ चालवी, कुणी खाणावळ चालवी, कुणी खात्यातल्या चार जणांचे गाऱ्हाणे घेऊन साहेबापुढे जाई. माझे म्हणणे असे आहे की गिरणगावात नेतृत्व वाढले ते या जागांवर, आणि ते वाढण्याचे कारण साधे होते: इथे पुढे होणाऱ्याला आपल्या मागच्यांना रोज जाब द्यावा लागत होता. जिथे जाब फक्त वरच्याला द्यायचा होता, तिथे अधिकार आला, दराराही आला, पण पुढारीपण मुरले नाही. कामावरचा पुढारी आणि घरा-गल्लीतला पुढारी ही दोन माणसे आपण आज वेगळी मानतो. गिरणगावात ती वेगळी करता येत नव्हती.

सुरुवात जॉबरपासून करायला हवी, कारण गिरणीच्या आत कामगाराला दिसणारा पहिला अधिकारी तोच. मालक दूर, मॅनेजर बहुधा पारशी किंवा इंग्रज, त्याची भाषा निराळी. माणसे आणणे, कामाला लावणे, शिस्त राखणे, रजा देणे हे सगळे जॉबरच्या हातात असे. पहाटेच्या भोंग्याआधी गिरणीच्या फाटकाशी बदलीवाल्यांचा घोळका जमायचा. कोण आजारी, कोण गावी गेला, कोण उगाच गैरहजर याचा अंदाज घेऊन जॉबर त्या घोळक्यातून माणसे उचलायचा. आज उचलले तर आजचा रोज, नाही तर घरी परत. या निवडीला किंमत होती; तिला दस्तुरी म्हणत, आणि ती रोखीत, दारूत किंवा सणाच्या भेटीत वसूल होई. बायकांच्या खात्यांत, कांडी भरण्याच्या आणि रिलिंगच्या कामावर, हीच सत्ता नाईकिणीकडे असे. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने जॉबरच्या या सत्तेवर टीका केली आणि भरतीचे काम त्याच्या हातून काढून घ्यावे असे सुचवले. त्यानंतर १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंद करून त्यांना कार्ड देण्याची पद्धत आणली.

एवढे वाचून कुणालाही वाटेल की जॉबर म्हणजे गिरणीतला छोटा सुलतान. हा समज मात्र अर्धवट आहे, आणि माझ्या मुद्द्याचे मूळ या उरलेल्या अर्ध्यात आहे. राजनारायण चंदावरकर यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे की जॉबरची सत्ता गिरणीच्या फाटकापाशी सुरू होत नव्हती आणि तिथे संपतही नव्हती. ऐन वेळी माणसे हवीत तर ती चाळीतून, गावकीतून, नात्यागोत्यातून आणावी लागत. त्यासाठी जॉबरला वस्तीत पत लागे. कुणाला खोली मिळवून दे, कुणासाठी सावकाराकडे जामीन राहा, तालमीला वर्गणी दे, गोकुळाष्टमीला पुढे हो. खात्यात साचे बंद पडू लागले तर मॅनेजर जॉबरला विचारणार, आणि माणसे नाराज असतील तर साचे बंद पडणारच. म्हणजे वरून मिळालेला अधिकारही खालच्यांच्या संमतीवाचून चालत नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेच्या अनेक छोट्या संपांत जॉबर स्वतः पुढे दिसतात ते याच कारणाने: माणसे सोडून गेली तर आपली जागाही जाईल हे त्यांना कळत होते. पण संप लांबला की पेच पडे. जॉबरची नेमणूक मालकाच्या मर्जीवर, आणि कामगारांना त्याला जाब विचारायची रीत नाही. त्याला सोडून दुसऱ्याकडे जाणे एवढाच त्यांचा हक्क. दोन्हीकडून ताण आला की तो नोकरी वाचवायचा. त्याच्या नेतृत्वाची वाढ इथे खुंटली.

आता गिरणीच्या बाहेर पाहू. मुंबईच्या गिरण्यांत सर्वांत जास्त माणसे रत्नागिरी जिल्ह्यातून आली, त्याखालोखाल घाटावरच्या सातारा, पुणे, नगर या भागांतून. बायकामुले गावी ठेवून आलेल्या पुरुषांना एकट्याने भाडे परवडत नसे, म्हणून एका गावच्या माणसांनी मिळून खोली घ्यायची ही रीत पडली. दिवसपाळीवाले कामावर असताना रातपाळीवाले झोपत. पथाऱ्या गुंडाळलेल्या, ट्रंका भिंतीशी एकावर एक, दोरीवर कपडे. धोबीतलावच्या गोवेकरांनी आपापल्या गावाच्या नावाने चालवलेल्या कुडी ही याच रीतीची दुसरी शाखा. तिथे जहाजावरचे खलाशी दोन फेऱ्यांमधल्या काळात उतरत. अशा खोलीला कारभारी लागतोच. भाडे वेळेवर भरायचे, कुणाची वर्गणी थकली तर मागायची, नोकरी गेलेल्याला किती महिने सांभाळायचे ते ठरवायचे, भांडण मिटवायचे, कुणी मेला तर गावी कळवायचे आणि क्रियेचा खर्च उभा करायचा. पुढे या खोल्यांतूनच गावोगावची मुंबईकर मंडळे उभी राहिली आणि त्यांनी गावाकडच्या शाळांना, देवळांना, रस्त्यांना पैसे पाठवले. या कारभाऱ्याला पगार नव्हता, हुद्दा नव्हता. त्याच्याकडे होती एक वही, आणि ती वही खोलीतला कुणीही उघडून पाहू शकत होता. एका आण्याची चूक निघाली तर ती बातमी पुढच्या बोटीने गावात पोचत असे, आणि तिथे त्याची बायको, भाऊ, आईबाप राहत होते.

हीच गोष्ट खाणावळवालीची. नवऱ्याचा रोज पुरत नाही, किंवा नवरा नाही, अशा बाईने दहा-पंधरा माणसांचे जेवण करायला घ्यायचे. दोन वेळची पोळीभाजी, आमटी-भात, कोकणी माणसासाठी मासळी. पैसे महिन्याच्या पगाराला. वाण्याकडून धान्य उधार, त्याची उधारी पगाराच्या दिवशी चुकती. तिला प्रत्येकाच्या पगाराचा दिवस, पाळी, व्यसन आणि प्रामाणिकपणा माहीत असे, कारण तिचा धंदा त्यावर चालायचा. संप झाला की पगार बंद, पण चूल बंद करता येत नसे. जेवणारे गेले तर संप मिटल्यावर परत येतील याची खात्री नाही, आणि उपाशी माणसाला दारातून परत पाठवणे शोभतही नाही. मग अंगावरचे डाग गहाण पडत. १९७३-७४ च्या ४२ दिवसांच्या संपात या बायकांनी उधारीवर माणसे जेवू घातली. संपाच्या सभेत कुणी त्यांना बोलायला उभे केले नाही, पण संप किती दिवस तग धरणार हे बऱ्याच अंशी त्यांच्या चुलीवर ठरत होते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा त्यांना कच्ची माणसे घ्यावी लागली नाहीत. हिशेब, पत, वसुली आणि माणसांची पारख या बायकांकडे आधीपासून होती. अडसर होता तो सावकाराच्या व्याजाचा. मंडळाने त्यांना बँकेचे दार उघडून दिले आणि एकेकटीची पत गटाची पत केली. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमाताईंचे मोठेपण त्यांनी ही तयार ताकद ओळखली यात आहे.

या सगळ्याचा पुरावा म्हणून १९२८ चा संप सर्वांत बोलका आहे. एका विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, सूतकाताऱ्याने जास्त चात्या पाहाव्यात, अशा नव्या पद्धतींविरुद्ध सुरू झालेला हा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला आणि त्यात दीड लाखाच्या आसपास कामगार होते. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन नोंदवली गेली तेव्हा तिचे सभासद काही शे होते. वर्ष संपताना ते पन्नास हजारांच्या वर गेले. एवढी झेप भाषणांनी घेता येत नाही. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर ही शिकलेली तरुण कम्युनिस्ट मंडळी गिरणगावात आली तेव्हा अर्जुन आत्माराम आळवे आणि गोविंद रामचंद्र कासले हे गिरणीत काम केलेले लोक तिथे आधीपासून गिरणी कामगार महामंडळात वावरत होते. आळवे नव्या युनियनचे अध्यक्ष झाले. सहा महिने पगार नसताना संप टिकला कारण अनेक कामगार गावी गेले, आणि मागे राहिलेल्यांपैकी कुणाच्या घरी मदतीचे धान्य पोचले नाही हे सांगणारी माणसे प्रत्येक चाळीत होती. मार्च १९२९ मध्ये सरकारने कम्युनिस्टांवर भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यात पहिल्या फळीचे पुढारी उचलले गेले, त्यांत आळवे आणि कासलेही होते. सरकारच्या दृष्टीने विणकर आळवे आणि पदवीधर पुढारी सारखेच धोक्याचे ठरले, ही नोंद पुरेशी आहे. पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयातून दोघेही सुटले.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. खोलीच्या वहीतून युनियन उभी राहत नाही; कायदा, इंग्रजी आणि वाटाघाटी जाणणारा बाहेरचा माणूस लागतोच. नारायण मेघाजी लोखंडे स्वतः साच्यावर उभे राहणारे कामगार नव्हते. मांडवीच्या एका गिरणीत ते भांडारपाल होते, ‘दीनबंधू’चे संपादक होते, सत्यशोधक होते. त्यांनीच १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. ना. म. जोशी कामगार नव्हते, डांगे नव्हते, डॉ. दत्ता सामंत तर व्यवसायाने डॉक्टर. हे सगळे खरे आहे, आणि त्यांचे काम कमी लेखण्याचा हेतू नाही. पण आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे की बाहेरच्या पुढाऱ्याने गर्दी निर्माण केली. पुरावा उलट दिशेला जातो. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर लोखंड्यांनी घेतलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार आले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्या काळात एखादी बाई हजारोंसमोर उभी राहून बोलते, ती त्या दिवशी सकाळी धीट झालेली नसते. खात्यात, चाळीत, नळावर तिने आधी बोलून पाहिलेले असते. जोशींची १९२६ ची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन कागदोपत्री नीटनेटकी होती, वर्गणीचे हिशेब चोख होते. तरी १९२८ मध्ये कामगार गिरणी कामगार युनियनच्या झेंड्याखाली गेले, कारण त्यांच्या चाळीत ओळखीची माणसे त्या झेंड्यापाशी उभी होती. बाहेरचा पुढारी मागणी शब्दांत मांडू शकतो. ती दारोदार नेणारा आतलाच असावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो टाळला तर हा सारा युक्तिवाद गोड गैरसमज ठरेल. गावकीची खोली, भजनी मंडळ, तालीम या जागा सर्वांना खुल्या नव्हत्या. एका गावचे म्हणजे बहुधा एका जातीचे, आणि पुरुषच. जिथे जाब द्यायचा तो आपल्यांतच, तिथे परक्यावर होणाऱ्या अन्यायाचा हिशेब वहीत येतच नाही. साळखात्याचे, म्हणजे विणाईच्या खात्याचे, उदाहरण घ्या. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेत असे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साळखात्यात सवर्ण कामगार येऊ देत नसत, आणि साळखात्याचा पगार तर इतर खात्यांपेक्षा बरा. ही बंदी मालकाच्या नियमात लिहिलेली नव्हती. ती कामगारांनीच कामगारांवर लादलेली होती, आणि खात्यातल्या लोकप्रिय माणसांनी ती मोडायला पुढाकार घेतला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपकाळात हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे लावून धरला आणि १९२९ च्या संपाला विरोध केला, त्याची पार्श्वभूमी ही होती. आक्षेप म्हणून मी हे पूर्ण मान्य करतो. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र असा की जाब देण्याची सवय खोटी नव्हती. ती ज्यांना द्यायची त्यांचे वर्तुळ लहान होते. ते वर्तुळ वाढते का, याचे उत्तरही इतिहासात आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तेव्हा आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट, कार्यकर्ते एकत्र आले. दहा वर्षांपूर्वी हे जमले नव्हते. ते जमले कारण मधल्या काळात दलित कामगारांची स्वतःची संघटना उभी राहिली आणि दुसऱ्या बाजूला तिच्याशी बोलणे भाग पडले. पुढाऱ्याची नीती आपोआप रुंदावत नाही. ज्यांना आजवर प्रश्न विचारता येत नव्हता त्यांना तो विचारता आला की रुंदावते. बायकांच्या बाबतीतही तसेच. १९२०च्या दशकात गिरणी कामगारांत बायका सुमारे पाचवा हिस्सा होत्या. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बायका पुढे आल्यावर पाळणाघर आणि बाळंतपणाची रजा हे विषय युनियनच्या सभेत ठळक होऊ लागले.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. खालच्यांना जाब देणारा पुढारी खालच्यांच्या रागाला बळी पडतो. त्याला नको तिथे नाही म्हणता येत नाही. याला १९२९ चा दाखला देतात. आधीच्या वर्षीच्या यशानंतर गिरण्या-गिरण्यांत कमिट्या निघाल्या होत्या. वर्गणी गोळा करणे, तक्रारी नेणे हे त्यांचे काम. कधी एखाद्या माणसाला काढले म्हणून खाते तडकाफडकी बंद पडे. एप्रिल १९२९ मध्ये वरचे पुढारी तुरुंगात असताना मोठा संप पुकारला गेला, तो फसला, आणि चौकशीसाठी नेमलेल्या पिअर्सन कोर्टाने युनियनला दोषी धरले. कमिट्यांचा उतावीळपणा नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या कमिट्यांना वय किती होते? काही महिने. खोलीच्या कारभाऱ्याला वर्षानुवर्षांची उधारी-वसुली करून जो धीर आला होता, तो या कमिट्यांना यायला वेळच मिळाला नाही. आणि ज्यांच्याशी बोलून त्यांनी आपली चूक ओळखली असती ते मीरतला होते. कच्चेपणाचा इलाज त्यांचा अधिकार काढून घेणे हा नव्हता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मात्र वेगळाच मार्ग धरला. एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, मालकाशी बोलणी तिनेच करायची. वाटाघाटीत स्थैर्य यावे हा त्याचा उद्देश समजण्यासारखा होता. पण त्यामुळे खात्यातल्या कामगाराचे मत आणि त्याच्या नावाने होणारा करार यांच्यातला दुवा कायद्याच्या दृष्टीने गरजेचा उरला नाही.

याची परिणती १८ जानेवारी १९८२ ला दिसली. मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघावर विश्वास उरला नाही म्हणून अडीच लाखांच्या घरातले कामगार डॉ. सामंतांकडे वळले होते आणि त्या दिवशी ते संपावर गेले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. तो इतके महिने चालला तो पुन्हा गाव, चाळ आणि खाणावळ यांच्या बळावर. पण थांबावे केव्हा, काय घेऊन थांबावे, हे ठरवणारी मधली फळी कायद्याने आणि सवयीने क्षीण झालेली होती. मालकांना जुन्या गिरण्या चालवण्यापेक्षा जमीन मोलाची वाटू लागली होती, कापडाचा धंदा भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकत होता, आणि या आर्थिक कारणांपुढे कोणतीही संघटना कदाचित हरलीच असती. तरी माणसे मागे उभी आहेत आणि त्यांना विचारून पाऊल बदलण्याची वाट नाही, ही पुढाऱ्याची अवस्था किती कठीण असते ते या संपाने दाखवले.

आज नोकरीच्या ठिकाणी नेतृत्व वाढवण्याची भाषा फार ऐकू येते. टीम लीडरचा हुद्दा मिळतो, दोन दिवसांचे शिबिर होते, बोलण्याची ढब शिकवली जाते. या माणसाचे मूल्यमापन मात्र वरून होते. त्याच्या हाताखालच्यांना त्याची वही उघडता येत नाही. गिरणगावच्या अनुभवावरून पाहिले तर ही जॉबरची जागा आहे, आणि जॉबरची वाढ का खुंटली ते आपण पाहिले. ज्याला खरोखर पुढारी व्हायचे आहे त्याने सोसायटीची वर्गणी, भिशीचा हिशेब, शाळेच्या पालक समितीचे काम असे एखादे बिनहुद्द्याचे काम घ्यावे, जिथे चूक चारचौघांत निघते आणि दुसऱ्या दिवशी त्याच चौघांना तोंड दाखवावे लागते. आणि ज्या संस्थेला पुढारी घडवायचे आहेत तिने हाताखालच्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क आधी द्यावा. त्यांत आजवर दाराबाहेर ठेवलेलेही आले. हुद्दा नंतर दिला तरी चालतो. गिरणगावात तो बहुतेकांना कधी मिळालाच नाही, आणि त्यावाचून त्यांनी सहा महिन्यांचे संप चालवले.